आणीबाणी, न्यायालय आणि एक मराठी हस्तलिखित

द्वितीय वर्ष कला (राज्यशास्त्र)

‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९७५ साल उभे राहते. वस्तुतः स्वतंत्र भारतात राष्ट्रीय आणीबाणी तीन वेळा जाहीर झाली. पहिली २६ ऑक्टोबर १९६२ रोजी, चिनी आक्रमणाच्या वेळी. ती १० जानेवारी १९६८ पर्यंत चालू होती. दुसरी ३ डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले तेव्हा. ती उठलेली नसतानाच २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून तिसरी जाहीर झाली. या दोन्ही मार्च १९७७ मध्ये संपुष्टात आल्या. हिशेब केला तर १९६२ ते १९७७ या काळातील सुमारे साडेदहा वर्षे देश आणीबाणीखाली होता. त्यामुळे आणीबाणी म्हणजे क्वचित कधीतरी घडणारी गोष्ट असे समजून तो प्रश्न पुस्तकातच ठेवून देणे बरोबर नाही.

या काळात शासनाच्या कृतीची तपासणी न्यायालय करू शकते काय? परीक्षेपुरते उत्तर सोपे आहे. आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित होतात, सबब न्यायालयीन पुनर्विलोकनावर मर्यादा येतात. हे उत्तर लिहून गुण मिळतात, पण ते अर्धे आहे. मर्यादा येते म्हणजे नेमके काय बंद होते आणि काय उघडे राहते, हे त्यात येत नाही.

आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. सरकारी कागद आला की तो माझ्याकडे वाचायला दिला जातो. माझे वाचून होताच पहिला प्रश्न येतो, “कधी हजर व्हायचं म्हणतात?” हा कागद कोणत्या कायद्याने काढला, हा प्रश्न मी घरात कधी ऐकलेला नाही, आणि गावातही नाही. आदेश तो आदेश, अशीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. प्रशासकीय कायद्याचा अभ्यास करताना मला जाणवले, की ‘कोणत्या कायद्याने?’ हा साधा प्रश्नच या विषयाचे मूळ आहे. शांततेच्या काळात तो विचारता येतोच. आणीबाणीतही तो विचारता येतो काय, याचे उत्तर प्रस्तुत लेखात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मुख्य आधार घेतला आहे तो मुंबईच्या तुरुंगात लिहिल्या गेलेल्या एका मराठी पुस्तकाच्या खटल्याचा.

परकीय राजवटीतील अनुभव

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) भुईकोट किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना स्थानबद्ध केले होते. पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात लिहिले. देशभर त्या वेळी धरपकड चालू होती आणि तिचे मुख्य हत्यार होते १९३९ च्या भारत संरक्षण कायद्याखालील नियम.

या नियमांपैकी २६ वा नियम मुंबई इलाख्यातील केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल न्यायालयापुढे आला. मूळ कायद्याने ज्याच्याविषयी वाजवी संशय आहे अशाच व्यक्तीच्या स्थानबद्धतेसाठी नियम करण्याची परवानगी दिली होती. नियमात मात्र ‘सरकारची खात्री पटली’ एवढेच पुरेसे धरले होते. नियम कायद्याच्या बाहेर जातो, म्हणून तो अवैध आहे, असा निर्णय सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये दिला. सरकारने लगेच वटहुकूम काढून ही फट बुजविली. तेव्हा प्रत्यक्ष लाभ थोडाच झाला. परंतु महायुद्ध ऐन भरात असतानाही न्यायालय सरकारला कायदा दाखवायला लावू शकते, एवढे सिद्ध झाले.

इंग्लंडमध्ये त्याआधी दोन वर्षे, १९४१ साली, लिव्हर्सिज विरुद्ध अँडरसन या खटल्यात उमरावांच्या सभागृहाने याच्या उलट भूमिका घेतली होती. मंत्र्याला वाजवी कारण वाटले, एवढे त्याने सांगितले की पुरे, असे बहुमताने ठरले. एकटे लॉर्ड ॲटकिन विरोधात राहिले. शस्त्रांच्या खणखणाटातही कायदे मुके होत नाहीत, असा त्यांच्या मताचा आशय होता. पुढे इंग्लंडनेही त्यांचेच मत योग्य मानले.

१९६२ चा आदेश आणि त्यातील ‘जर’

आता आपल्या घटनेकडे वळू. कलम ३५२ खाली आणीबाणी जाहीर झाली की कलम ३५९ प्रमाणे राष्ट्रपती आदेश काढून काही मूलभूत हक्कांच्या बजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित करू शकतात. येथे एक बारकावा आहे. हक्क पुसला जात नाही. त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार तेवढा थांबतो.

नोव्हेंबर १९६२ मध्ये असा आदेश निघाला. त्याने कलम १४, २१ व २२ यांच्या बजावणीसाठी न्यायालयात जाण्यास बंदी केली. परंतु ही बंदी सरसकट नव्हती. भारत संरक्षण कायद्याखाली अथवा त्याखालील नियम व आदेशांनुसार एखाद्याचा हक्क हिरावला गेला असेल, तर त्याला न्यायालयात जाता येणार नाही, असे तिचे स्वरूप होते. या ‘तर’च्या आधी जो ‘जर’ आहे, त्यावर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

या ‘जर’चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९६३ रोजी माखनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात उलगडला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे होते. स्थानबद्धांना मूलभूत हक्कांच्या आधारे दाद मागता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र काही वाटा उघड्या ठेवल्या. आदेशात ज्यांचा उल्लेख नाही अशा हक्कांचा आधार घेता येईल. स्थानबद्धता दुष्ट हेतूने केली आहे, असे म्हणता येईल. ज्या कायद्याखाली स्थानबद्ध केले त्याच कायद्याच्या बंधनकारक अटी पाळल्या नाहीत, असेही म्हणता येईल. थोडक्यात, सरकारने कायद्याची ढाल पुढे केली, तर ती ढाल खरोखर त्याच कायद्याची आहे की नाही, हे न्यायालय पाहणार.

‘अणूच्या अंतरंगात’

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते, हे प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांच्या खटल्यात दिसते. संझगिरी हे महाराष्ट्रातील कम्युनिस्ट नेते. भारत संरक्षण नियमांच्या ३० व्या नियमाखाली महाराष्ट्र शासनाने त्यांना स्थानबद्ध करून मुंबई जिल्हा कारागृहात ठेवले होते. तेथे शासनाच्या परवानगीनेच त्यांनी मराठीत एक विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘अणूच्या अंतरंगात’.

पुस्तक लिहून झाल्यावर सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठविण्याची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्ये शासनाने नकार दिला. तुरुंगाच्या अधीक्षकांकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. तेव्हा त्यांनी कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज केला. त्यांनी स्वतःची सुटका मागितली नव्हती. माझे हस्तलिखित बाहेर जाऊ द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

शासनाने जे उत्तर दिले ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. पुस्तकामुळे देशाच्या संरक्षणाला धोका आहे, असे शासनाने म्हटलेच नाही. उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली होती आणि पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे याविषयी त्याची खात्री झाली होती. शासनाचे म्हणणे एवढेच, की स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू देण्यास कायद्याने आम्ही बांधलेले नाही. स्थानबद्धतेच्या अटींविषयी १९५१ चा एक आदेश मुंबई राज्यात लागू होता. त्यात पत्रे, भेटी इत्यादींविषयी तरतुदी होत्या, पण पुस्तक प्रसिद्ध करण्याविषयी काहीच नव्हते. शासनाचा युक्तिवाद असा, की माणूस स्थानबद्ध झाला की त्याचे स्वातंत्र्य संपते. त्यानंतर अटींच्या यादीत जे दिले आहे तेवढेच त्याला मिळते. यादीत नाही, म्हणजे मिळणार नाही.

उच्च न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. हस्तलिखित बाहेर पाठविण्यास मनाई करणारा कोणताही नियम दाखविता आलेला नाही, सबब ते पाठविले पाहिजे, असा निर्णय दिला. शासन सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. ६ सप्टेंबर १९६५ रोजी ते अपील फेटाळले गेले. निकालपत्र न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिले. माखनसिंग खटल्यात बहुमताशी असहमत असलेले न्यायमूर्ती ते हेच.

शासनाच्या युक्तिवादाला त्यांनी दिलेले उत्तर साधे आणि बिनतोड आहे. अटींची यादी म्हणजे शासनाने स्थानबद्धाला बहाल केलेल्या सवलतींची यादी नव्हे. त्याच्या स्वातंत्र्यावर किती बंधन घालता येईल, याची ती मर्यादा आहे. शासनाचे म्हणणे मान्य केले, तर यादीत जेवणाचा उल्लेख नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारणेही चालेल, असे म्हणावे लागेल. बंधन घालायचे तर ते कायद्याने घाला. कायद्यात नसलेले बंधन घातले, तर ती कृती भारत संरक्षण कायद्याखालील राहत नाही, आणि मग राष्ट्रपतींच्या आदेशातील ‘जर’ पूर्ण होत नाही. न्यायालयाचे दार अशा रीतीने पुन्हा उघडते.

या निकालाची तारीख महत्त्वाची आहे. ६ सप्टेंबर १९६५ याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडी उघडली. न्यायालयांनी पुनर्विलोकन केले तर युद्धप्रयत्नांत अडथळा येतो, असे नेहमी सांगितले जाते. लढाई पेटली असताना सर्वोच्च न्यायालय एका मराठी पुस्तकाच्या हस्तलिखिताविषयी निर्णय देत होते आणि देशाचे त्यामुळे काही बिघडले नाही. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबर रोजी, डॉ. राममनोहर लोहिया यांची स्थानबद्धता त्याच न्यायालयाने अवैध ठरविली. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द होते, तर दंडाधिकाऱ्याने आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले होते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पून हा फरक समजावला. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. प्रत्येक मारामारीने आतल्या वर्तुळाला धक्का लागत नाही. सरकारी कागदावरील एका शब्दाला किती किंमत असते, हे यावरून कळते.

या निकालांची मर्यादाही सांगितली पाहिजे. संझगिरी खटल्याने हस्तलिखिताची सुटका झाली, माणसाची नव्हे. स्थानबद्धता योग्य की अयोग्य, याचा विचार न्यायालयाने केलाच नाही. न्यायालय शासनाच्या जागी बसत नाही. शासनाला कायद्याच्या चौकटीत बसविते.

‘जर’ गेला तेव्हा

२७ जून १९७५ रोजी पुन्हा कलम ३५९ खाली आदेश निघाला. कलमे तीच होती, १४, २१ आणि २२. पण या वेळी अमुक कायद्यानुसार हक्क हिरावला असेल तर, ही अट आदेशात नव्हती. बंदी बिनशर्त होती. त्याच सुमारास ३८ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीविषयीचे राष्ट्रपतींचे समाधान अंतिम ठरवून न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले.

तरीही महाराष्ट्रात न्यायालये गप्प बसली नाहीत. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईतील वकिलांनी नागरी स्वातंत्र्य व कायद्याचे राज्य या विषयावर सभा योजिली होती. माजी मुख्य न्यायमूर्ती मु. क. छागला व माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा तेथे बोलणार होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. मुख्य न्यायमूर्ती कांटावाला व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी नथवाणी खटल्यात हा नकार रद्द ठरविला. फेब्रुवारी १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील मजकूर रोखण्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती मदन व न्यायमूर्ती कनिया यांनी सेन्सॉर अधिकाऱ्याचे अपील फेटाळले. सर्व वृत्तपत्रांनी एकाच सुरात बोलावे हे पाहणे सेन्सॉरचे काम नव्हे, असा निकालाचा भाव होता. या दोन्ही ठिकाणी प्रश्न तोच होता. आणीबाणी आहे हे मान्य, पण हा अधिकार तुम्हाला दिला कोणत्या नियमाने?

स्थानबद्धांच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. आमची ‘मिसा’खालील स्थानबद्धता त्या कायद्यालाच धरून नाही, एवढे तरी तपासा, अशी मागणी अनेक उच्च न्यायालयांत झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी ही मागणी ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल या खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय झाला. आदेश कायद्याला धरून नाही, बेकायदा आहे अथवा दुष्ट हेतूने काढला आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे ठरले. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. सुनावणीत खन्नांनी विचारले होते, की पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारले तर त्यावर उपाय आहे काय? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर ॲटर्नी जनरल निरेन डे यांना द्यावे लागले. संझगिरी खटल्यातील उपासमारीचे उदाहरण युक्तिवादाचा पोकळपणा दाखविण्यासाठी दिले होते. सुमारे दहा वर्षांनी तसाच निष्कर्ष शासनाने भर न्यायालयात स्वीकारला.

जानेवारी १९७७ मध्ये तुरुंगातील अटींविषयीचा मुंबई उच्च न्यायालयाचा एक निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. १९६२ चा आदेश सशर्त होता व १९७५ चा बिनशर्त, म्हणून संझगिरी खटल्याचा आधार आता घेता येत नाही, असे त्या वेळी ठरले. त्याच महिन्यात ज्येष्ठता डावलून खन्नांऐवजी दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

खन्नांचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. कलम २१ मुळे आपल्याला जीविताचा हक्क मिळाला, असे नाही. ते कलम लिहिले नसते तरीही कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेण्याचा अधिकार शासनाला नसता. म्हणून कलम २१ स्थगित झाल्याने शासनाला बेकायदा वागण्याची मुभा मिळत नाही. मला वाटते, सुब्बा राव यांनी अटींच्या यादीविषयी जे सांगितले, तेच खन्नांनी संपूर्ण घटनेविषयी सांगितले. स्वातंत्र्य ही शासनाने दिलेली सवलत नव्हे.

घटनेत परत आलेली अट

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने या अनुभवाची दखल घेतली. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये, असे ठरले. राष्ट्रपतींचे समाधान अंतिम मानणारी तरतूद गेली. कलम २० व २१ यापुढे कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येणार नाहीत, ही सर्वांत प्रसिद्ध तरतूद.

तिच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी चर्चिली जाणारी दुरुस्ती आणखी एक आहे. कलम ३५९ चे संरक्षण आता सरसकट सर्व सरकारी कृतींना मिळत नाही. हा कायदा चालू आणीबाणीशी संबंधित आहे, असे ज्या कायद्यात स्पष्ट नमूद केले असेल, त्याला आणि त्याखालील कृतींनाच ते मिळते. १९६२ च्या आदेशात शासनाने आपणहून जो ‘जर’ घातला होता आणि १९७५ साली जो गाळला, तशी अट आता घटनेतच आली आहे. ती गाळणे आदेश काढणाऱ्याच्या हाती राहिलेले नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चे बहुमत चुकीचे होते, असे सांगून तो निर्णय मोडीत काढला. ते मत लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.

यावरून सर्व काही निर्धोक झाले, असे समजू नये. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा आम्ही शाळकरी होतो. ‘आणीबाणी लागली’ असेच गावात म्हणत. वास्तविक कलम ३५२ खाली कोणतीही घोषणा झालेली नव्हती. सर्व आदेश १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा अशा साध्या कायद्यांखाली निघाले होते. म्हणजे सारे मूलभूत हक्क जागेवर होते आणि न्यायालयाचे दारही उघडे होते. गुजरात शासनाने त्या काळात कारखाने कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ या शब्दांचा आधार घेऊन कामगारांचा दिवस बारा तासांचा केला आणि जादा कामाच्या दुप्पट वेतनातून मालकांना सूट दिली. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. साथीने राष्ट्राच्या सुरक्षिततेला त्या कलमाच्या अर्थाने धोका नाही, असे न्यायालय म्हणाले. आपल्या तालुक्यात साखर कारखान्यांवर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत. ‘आणीबाणी’ या एका शब्दाने कामगाराच्या पगारातले किती जाऊ शकते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

न्यायालये सर्वज्ञ नाहीत. युद्ध कसे लढावे किंवा साथ कशी आवरावी, हे न्यायमूर्तींनी ठरवू नये, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु शासनाला कायदा दाखवायला लावणे म्हणजे शासन चालविणे नव्हे. तळपदे, संझगिरी, लोहिया या तिन्ही प्रकरणांत न्यायालयाने केले ते एवढेच. १९७६ साली तेवढेही झाले नाही, आणि त्याची किंमत तुरुंगातील हजारो माणसांनी मोजली.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. न्यायालय स्वतःहून तुरुंगात जाऊन हस्तलिखिते शोधत नाही. कुणीतरी अर्ज करावा लागतो. संझगिरींनी शासनाकडे अर्ज केला, अधीक्षकांकडे केला, मग उच्च न्यायालयात केला. त्या चिकाटीमुळे एका विज्ञानाच्या पुस्तकाला वाट मिळाली आणि देशाच्या कायद्यात एक तत्त्व नोंदले गेले. घटनादुरुस्तीने दार उघडे ठेवले आहे. तेथपर्यंत चालत जाणे हे नागरिकांचे काम आहे. आपल्यापैकी ज्यांना कागद वाचता येतो, त्यांनी शेजाऱ्याला तारखेबरोबर त्यावरचे कलमही वाचून दाखवावे. राज्यशास्त्र शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.